देवळाच्या उंबरठ्यापासून मोजलेली उंची

"कुठून, अन् कुठपावतर?"

कोणी कसलेही माप सांगितले की आमचे मोजणीदार मान किंचित डावीकडे कलती करीत, कंबरेला गुंडाळलेली गाठींची दोरी अंगठ्याने चाचपीत आणि हा प्रश्न विचारीत. विहीर फार खोल आहे असे कोणी म्हटले, तर "कुठून? काठापासून का जमिनीपासून? अन् कुठपावतर? पाण्यापावतर का तळापावतर?" मध्यस्थाने नवरा मुलगा चांगला उंच असल्याचे सांगितले, तर "पागोट्यासकट का पागोट्याबिगर?" एकदा एका घरी समाचाराला गेलो असता यजमान डोळे पुसून म्हणाले, "वडील फार दिवस आजारी होते." मोजणीदारांची मान कलली. "कुठून धरता? ताप आला तवापासून, का वैद्यानं हात टेकले तवापासून?" त्यांच्या पत्नीने मागून त्यांचे उपरणे ओढले, म्हणून उत्तर ऐकण्याचा प्रसंग टळला.

वाचकहो, असा मनुष्य आपल्याही आळीत एखादा असेल, आणि तो समोरून येताना दिसला की आपणही पलीकडची गल्ली धरीत असाल. मी धरीत असे. वास्तविक मला त्यांचा प्रश्न आवडावयास हवा होता. माझा सारा जन्म वकिलीत गेला. ज्या दस्तऐवजात चतुःसीमा लिहिलेली नाही तो मी हातातही धरीत नाही, आणि ज्या अधिकाऱ्याने माझ्या अर्जाला मुदतीत उत्तर दिले नाही त्यास दुसरा अर्ज अधिक कडक शब्दांत लिहिल्यावाचून मी जेवत नाही. परंतु नेमके बोलण्याचा आग्रह आपण दुसऱ्यांस करावा, दुसऱ्याने तो आपणांस करू नये, अशी माझी त्या काळी समजूत होती. आजही फारशी वेगळी नाही.

ते मूळचे बार्शीटाकळीकडील. सरकारची जमीनमोजणी वऱ्हाडात सुरू झाली तेव्हा साखळी ओढणाऱ्यांवर देखरेख करण्याच्या कामावर लागले, आणि पुढे कोणा वरिष्ठाशी बांधाच्या कोपऱ्यावरून वाद घालून ते काम सोडून आले. वाद कशाचा, हे त्यांनी मला तीन प्रकारे सांगितले, आणि तिन्ही वेळा वरिष्ठ चूक होता. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हे. आपल्या दोरीवर त्यांचा वेदवाक्यासारखा विश्वास असे, आणि तो ते लपवीत नसत.

अमरावतीत त्या वेळी अशा मनुष्याला काम कमी नव्हते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतील कापूस हवासा झाला. गावात गाड्यांची रीघ लागली. कालपर्यंत कौलारू घरात राहणारे लोक दुमजली, तिमजली, चौमजली घरे बांधू लागले, आणि प्रत्येकाचे घर गावात सर्वांत उंच होते. एकाच घराची उंची गवंडी एक सांगे, मालक दुसरी सांगे आणि मालकाचा मेहुणा तिसरी. कापसाच्या भावाबरोबर घरांची उंचीही बाजारात रोज वर जात असे. खरी उंची कोणती, हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि मोजणीदारांवाचून कोणास ते जाणून घेण्याची इच्छाही नव्हती.

अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांना मुद्दाम गाडी पाठवून नेले होते. त्याच्या हवेलीची उंची अमरावतीच्या कोणत्याही घराहून अधिक आहे असा दाखला त्यास पाहिजे होता. मोजणीदार वर चढले, तर गच्चीवर बांबूची भली मोठी काठी आणि तिच्या टोकाला निशाण.

"इथून मोजा," व्यापारी निशाणाकडे बोट दाखवून म्हणाला.

"ते घर नाही. ते बांबू हाय."

"घरावरच हाय न पण?"

"त्याच्यावर कबुतर बसलं तं तेबी मोजू का?"

व्यापाऱ्याने परतीची गाडी दिली नाही. मोजणीदार अकोल्याहून मिळेल त्या कापसाच्या गाड्यांवर बसत परत आले आणि आठवडाभर ज्याला त्याला सांगत राहिले, "माणूस जिथं उभा राहू शकते ना, तिथलोक घर. त्याच्यावर सारी हौस."

आता आमच्या पेठेच्या प्रकरणाकडे येतो. हे प्रकरण घडले नसते तर त्या मनुष्याविषयी मी एवढे लिहिले नसते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुरलीधराचे देऊळ आहे. त्या पेठेत देवळाच्या कळसाहून उंच घर कोणी बांधू नये, असा वहिवाटीचा नियम. माझ्या आजोबांनी तो पाळला, वडिलांनी पाळला, मी पाळला. माझ्या घराच्या समोर, गल्लीच्या पलीकडील बाजूस, तिवशाकडील एका पाटलाने जागा घेतली. पिढ्यान्पिढ्यांचे शेतकरी, परंतु दोन हंगामांत कापसाने त्यांस व्यापारी केले आणि लोक त्यांना शेठ म्हणू लागले. त्यांनी पाहता पाहता चार मजले उभे केले. माझ्या ओट्यावर बसून मी दररोज दुपारी पत्रे आणि अर्ज लिहीत असे. त्या ओट्यावर त्या घराची सावली पडू लागली, आणि एके दिवशी मान वर करून पाहिले तो गच्चीचा कठडा कळसाच्या वर गेलेला.

मी देवळाच्या पंचांतर्फे कचेरीत अर्ज केला. वहिवाटीचा भंग, देवस्थानाची अप्रतिष्ठा, शेजाऱ्याच्या उजेडाचा लोप, अशी कलमे क्रमाने लिहिली. मागणी एकच: कळसावरचा भाग उतरवावा. शेठनी उत्तर दिले की घर कळसाच्या खालीच आहे. कचेरीने हुकूम केला की उभय पक्षांस मान्य अशा मनुष्याकडून दोन्ही उंची मोजवाव्यात. उभय पक्षांस मान्य असा मनुष्य गावात एकच होता, कारण त्याने उभय पक्षांस सारखेच छळले होते.

मोजणीदारांनी आम्हा दोघांस देवळाच्या पायरीशी बोलावले आणि अर्थातच विचारले, "कुठून, अन् कुठपावतर?"

शेठ म्हणाले, "घर माह्या जोत्यापासून मोजा. देऊळ देवळाच्या पायापासून."

मी हरकत घेतली. गल्ली उतरती आहे. शेठचे जोते वरच्या अंगास आहे, तेथून मोजल्यास घर ठेंगणे भरणार. दोन उंची दोन ठिकाणांहून मोजल्या तर त्यांची तुलना कायद्याने व्यर्थ. दोन्ही एकाच बिंदूपासून मोजल्या पाहिजेत. शेठ ऐकेनात. मोजणीदारांनी दोघांचेही बोलणे संपू दिले, मग छिन्नी काढली आणि देवळाच्या दगडी उंबरठ्यावर एक आडवी खाच पाडली.

"हे माही सुरवात," ते म्हणाले. "दोघायचंबी इथूनच. ज्याले नाही पटलं त्यानं दुसरा मोजणारा पाहावा."

त्यांनी माझी बाजू घेतली म्हणून मला आनंद झाला. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी म्हनता म्हून नाही, काकाजी. हे दगड मुरमावर बसलेलं हाय म्हून."

पहिली मोजणी संक्रांतीच्या सुमारास झाली. गच्चीच्या कठड्यावरून त्यांनी ओळंबा सोडला. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पाणसळ गल्लीत टप्प्याटप्प्याने मांडून खाचेची पातळी घराच्या भिंतीवर आणून टेकवली. कळसाची सावली आणि हातातील काठीची सावली एकाच क्षणी मोजली, आणि तो क्षण साधण्यासाठी पुजाऱ्यास नैवेद्यदेखील थांबवावयास लावला. निर्णय आला: घर कळसाहून चार बोटे उंच. मी त्या रात्री शांत झोपलो.

शेठनी फेरमोजणी मागितली. ती होळीनंतर झाली. तोच ओळंबा, तीच पाणसळ, तीच खाच. निर्णय आला: घर कळसाहून दोन बोटे खाली.

वाचकहो, चौमजली घर सणावारानुसार वाढते आणि घटते, हे मान्य करावयास माझी बुद्धी तयार नव्हती. तयार असलेले दुसरे कारण मला दिसले आणि मी ते मोजणीदारांस पत्राने कळविले. त्या पत्रात शेठच्या घरची जेवणे, मनुष्याच्या सचोटीची किंमत आणि नीचपणाची परिसीमा यांचा उल्लेख होता. पत्र चांगले लिहिले गेले होते. त्याची नक्कल मी पंचांनाही वाचून दाखविली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र हातात घेऊन मोजणीदार माझ्या ओट्यासमोर उभे राहिले. रागावलेले दिसत नव्हते. रात्रभर झोप न झालेल्या माणसासारखे दिसत होते.

"काकाजी, तुमी लिहिलं, नीचपणाची परिसीमा. ते कुठपावतर असते?"

"आपण ओलांडलीत ती."

"बरं." त्यांनी पत्राची घडी घालून पागोट्यात खोवली. "म्या शेठकडे पाणीबी पेलो नाही. माही दोरी खोटी नाही. पाणसळ खोटी नाही. मंग चार बोटं वर होतं ते दोन बोटं खाली कावून गेलं? मी पुन्हा मोजतो."

"मी दुसरा मोजणारा मागणार आहे."

"मागा. तो येईपावतर मी मोजतो."

आणि ते मोजू लागले. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. सकाळी पूजेच्या वेळी उंबरठ्यावर पाणसळ मांडलेली दिसे. लोक हसत. "काय मोजणीदार, आज घर वाढलं का आटलं?" असे पोरेसोरेसुद्धा विचारीत. शेठ गच्चीवरून ओरडून सांगत, "मोजा बाप्पा, मोजा. दोरी झिजली तं नवी देतो." ज्या मनुष्याने कोणाचे माप सरळ चालू दिले नाही, त्याचे स्वतःचे माप चुकले, याचा गावाला मनापासून आनंद झाला होता. घरोघरचे मोजणीचे काम त्यांच्याकडे येईनासे झाले. माझ्या पत्राची नक्कल बऱ्याच जणांनी ऐकली होती.

वैशाखात एके दुपारी मी ओट्यावर बसून त्यांच्याविरुद्धचाच दुसरा अर्ज लिहीत होतो. ऊन असे की गल्लीतील मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मोजणीदार आले आणि न विचारता ओट्यावर बसले.

"काकाजी, लेखणी खाली ठेवा."

"का?"

"घर खाली चाल्लं."

"कोणाचे घर?"

"शेठचं. आज म्या दोन्हीकून मोजलं. त्याच्याच जोत्यापासून कठड्यापावतर मोजलं तं थंडीत टिपून ठेवलं होतं तेवढंच. बोटाचा फरक नाही. अन् देवळाच्या उंबरठ्यापासून मोजलं तं कळसाहून वीतभर खाली. घर तेवढंच हाय, काकाजी. जमीन खाली जाऊन राहिली. तेबी साऱ्या घराची नाही. देवळाकडचा, तुमच्या ओट्याकडचा कोपरा."

मी लेखणी खाली ठेवली. ते पुढे सांगत होते, आणि प्रथमच त्यांचा आवाज हळू झाला होता. घाईत बांधलेल्या घराचा पाया काळ्या मातीतच थांबवला होता, मुरमापर्यंत गेलाच नव्हता. काळी माती उन्हाने आकसते. आणि कापसाचा भाव आणखी चढेल म्हणून शेठनी रुईच्या गाठी विकल्या नव्हत्या. वखारी भरल्या तेव्हा त्यांनी गाठी तिसऱ्या मजल्यावर चढवल्या होत्या, देवळाच्या बाजूच्या खोल्यांत, डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून.

"वरच्या मजल्यावर कोण राहते?" मी विचारले.

"त्यायची माय."

आम्ही दोघे जिना चढलो. माझ्या वयाला चार मजले सोपे नव्हते, आणि विरुद्ध पक्षाच्या घरात पाऊल टाकण्याची माझी ही पहिलीच वेळ. शेठ मागून काय काम आहे ते विचारीत आले.

चौथ्या मजल्यावर खिडकीशी बाज टाकलेली आणि तीवर शेठच्या मातोश्री. पाय अधू झालेले, नजर मात्र शाबूत. खिडकीला आडवे गज, आणि गजांतून, माझ्या कौलांच्या वरून, मुरलीधराचा कळस. तेव्हा मला कळले की चौथा मजला गावाला दाखवण्यासाठी नव्हता. तिसऱ्या मजल्यापर्यंत माझे छप्पर मध्ये येत होते.

"माय, कळस दिसते का?" मोजणीदारांनी विचारले.

"दिसते न बावा. त्याले पाह्यल्याबिगर मी जेवत नाही." म्हातारीने हात उचलून दाखवले. "आधी या खालच्या गजापाशी होता. आता पाह्य, वरच्या गजाले टेकला. देव रोज थोडा थोडा वर चढून राहिला. म्या पोराले सांगतलं तं पोरगा म्हनते, मायले भ्रम झाला."

"भ्रमच हाय," शेठ ओशाळून म्हणाले. "दोन महिने हेच सांगून राहिली."

त्या दिवशी मोजणीदारांनी कुठून म्हणून विचारले नाही. त्यांनी खालच्या गजावर एक बोट ठेवले, वरच्या गजावर दुसरे, आणि दोहोंमधील अंतराकडे पाहत उभे राहिले. मग शेठकडे वळून म्हणाले, "देव जागेवरच हाय, शेठ. खिडकी पुढं झुकली. आजच्या आज घर खाली करा, सारी माणसं बाहेर काढा."

शेठच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती दिसली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि भीतीची जागा दुसऱ्याच भावनेने घेतली.

"आता समजलं. तुमी दोघं मिळून आले. अर्ज जमत नाही म्हून आता भेव दाखवता. मी घर खाली केलं, का उद्या वकीलसाहेब कचेरीत लिहितील, शेठनं कबुली देल्ली, घर बेकायदा हाय."

मला हे नमूद केले पाहिजे की कायद्याच्या दृष्टीने शेठचे म्हणणे बिनतोड होते. मी नेमके तेच लिहिले असते. वाक्यसुद्धा जवळपास तेच.

"शेठ, मायचं पाहा," मोजणीदार म्हणाले.

"मायचंच पाहून राहिलो. मायसाठीच हा मजला हाय. अन् तोच तुमाले तोडाचा हाय."

खालून गल्लीतून कापसाची गाडी गेली आणि खिडकीचा गज बारीकसा थरथरला. मी तो थरथरताना पाहिला. मोजणीदारांनीही पाहिला, आणि माझ्याकडे वळले.

"काकाजी, लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"अर्ज सोडला म्हून."

"तो अर्ज मी जिंकत आलो आहे. वहिवाट शाबीत आहे, पहिली मोजणी शाबीत आहे."

"जिंकाल. कुठपावतर जिंकाचं हाय तुमाले?"

आयुष्यात अनेक हुशार वकिलांनी मला उलटतपासणीत गाठण्याचा प्रयत्न केला आहे. गाठले ते त्या एका प्रश्नाने. मी कागद मागविला. खिडकीच्या चौकटीवर तो ठेवून, उभ्यानेच, कचेरीच्या भाषेतला राजीनामा लिहिला: अर्जदार आपल्या राजीखुशीने सदर अर्ज सोडून देत असून, प्रतिपक्षाने घर रिकामे केल्यास ती कोणत्याही प्रकारे कबुली समजली जाणार नाही. घाईतही कलम एकही सुटले नाही. शेठनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी करून आईच्या उशाखाली ठेवला. मग ते बाजेच्या पायाशी बसून म्हणाले, "माय, चाल."

"मी कुठं नाही येत," म्हातारी म्हणाली. "कळस दिसत नाही तिथं मी काय करू?"

"माझ्या अंगणातून दिसतो," मी म्हणालो. "पूर्ण दिसतो. मध्ये गज नाहीत."

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "तू तो भांडखोर वकील का?"

"होय."

"तुह्याकडे चहा भेटते का?"

त्या काळी गावात चहा दोन-चार घरीच होत असे, आणि माझे घर त्यांपैकी होते. त्या एका गोष्टीने जे माझ्या राजीनाम्याने झाले नव्हते ते झाले. हमालांनी बाज उचलली आणि चारही मजले उतरवून माझ्या अंगणात, तुळशीजवळ आणून ठेवली. शेठना गाठीही उतरवावयाच्या होत्या. मोजणीदार जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि कोणालाही वर जाऊ देईनात. "माणसं उतरली न? मंग झालं. रुईले पाय नाहीत, ते पळत नाही." संध्याकाळी त्यांनी आपली मोजणीची लोखंडी साखळी आणली आणि गल्लीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून बांधली. त्याहीपलीकडे, माझ्या ओट्यावर मी बसू नये म्हणून, तेथली माझी बैठक स्वतःच्या हाताने गुंडाळून आत नेऊन ठेवली. मी त्याबद्दल त्यांना बोल लावला, हे मला आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ज्या वेळी मी एरवी ओट्यावर लिहीत बसलेला असतो त्या वेळी, आम्ही सारे अंगणात होतो. प्रथम आवाज आला तो जाड कापड फाटावे तसा, सावकाश. मग जमीन हलली. मग काही वेळ काहीच दिसेना. धूळ बसली तेव्हा शेठच्या घराचा देवळाकडचा सबंध कोपरा, वरच्या दोन मजल्यांसह, गल्लीत आडवा पडला होता, आणि माझा ओटा त्याखाली कोठे तरी होता. गाठी फुटून रुई उडाली होती. कौलांवर, झाडांवर, साखळीवर रुई. ती सावकाश खाली येत होती आणि काही केल्या संपत नव्हती.

शेठ धावत एकेका माणसाचे नाव घेऊन मोजू लागले. सर्व होते. पुन्हा मोजले. सर्व होते. कोणाला खरचटलेदेखील नव्हते. गल्लीत नेहमी झोपणारे बैल साखळीच्या पलीकडे उभे राहून रुई चघळीत होते.

मी वर पाहिले. मुरलीधराच्या कळसाला रुईचा एक मोठा पुंजका अडकून राहिला होता.

"पाह्य," म्हातारी बाजेवरून म्हणाली, "देवानं मुंडासं बांधलं."

शेठ मटकन ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांच्या केसांत, मिशांत रुई होती. त्यांनी पडलेल्या घराकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "आता कळसाच्या खाली हाय न?"

मला हसू आले. ते आवरेना. शेठही हसू लागले, रडता रडता. माझी पत्नी आतून बाहेर आली आणि मी हसत असल्याचे पाहून घाबरली, कारण तिने ते फारसे पाहिले नव्हते. छातीवरून काहीतरी जड उतरावे तसे वाटत होते, आणि ते अजूनही, हे लिहिताना, तसेच वाटते. मोजणीदार मात्र हसत नव्हते. ते आपली साखळी सोडवून तिची एकेक कडी उपरण्याने पुसत होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी पागोट्यातून माझे पत्र काढले आणि माझ्या हातात दिले.

"हे तुमचं," ते म्हणाले. "माह्याजवळ जागा नाही."

त्या पत्राची नक्कल ज्या पंचांना मी वाचून दाखविली होती, त्यांना त्याच संध्याकाळी देवळात बोलावून मी दुसरे पत्र वाचून दाखविले. ते पहिल्याहून लांब होते. त्यात एकही विशेषण वाया गेलेले नव्हते. मोजणीदार खांबाला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलं हाय. पण मधी जरा वाढवून सांगतलं."

शेठच्या मातोश्री नवे घर होईपर्यंत आमच्या अंगणातच राहिल्या, दोन वेळ चहा घेत आणि मला भांडखोर म्हणत. नवे घर एकमजली झाले. त्याचा पाया खणताना मोजणीदार स्वतः खड्ड्यात उतरून उभे राहिले आणि मुरूम पायाला लागेपर्यंत बाहेर आले नाहीत. म्हातारीची खोली देवळाच्या दिशेला, आणि मध्ये माझे छप्पर येऊ नये म्हणून मी त्याचा एक कोपरा उतरवून घेतला. हे मी कोणत्याही हुकुमावाचून केले, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

पुढे दूरची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला आणि उंच घरे बांधण्याची हौसही. मोजणीदारांना गावात काम उरले नाही. गुडघेही दुखत. त्यांनी बार्शीटाकळीस परत जावयाचे ठरवले. निघण्याच्या सकाळी त्यांची गाडी माझ्या नव्या ओट्याशी थांबली.

"फार लांब जाता," मी म्हणालो.

त्यांची मान डावीकडे कलली. मी प्रश्नाची वाट पाहिली आणि तो येण्यापूर्वीच उत्तर दिले, "या ओट्यापासून. आपल्या दारापर्यंत."

त्यांनी विचार केला. अंतर त्यांना नेमके ठाऊक होते, हे मला पक्के माहीत होते.

"मंग लांबच हाय, काकाजी," ते म्हणाले.

ते गेल्याची बातमी काही वर्षांनी आली, गाडीवाल्याकडून, तोंडी. मी त्यांच्या पत्नीस पत्र लिहिले. माझ्या पत्रांत सर्वांत लहान तेच.

वाचकहो, पडलेले ते घर आता दरवर्षी वाढते आहे. परवा बाजारात एकाने ते पाच मजली होते असे सांगितले. दुसऱ्याने अकोल्याच्या हवेलीहून उंच म्हटले. मी दोघांसही लेखी खुलासा पाठविला. ते घर चौमजली होते, आणि पडले त्या दिवशी मुरलीधराच्या कळसाहून वीतभर खाली होते. कुठून, असे विचारणारा आता कोणी नाही, म्हणून मीच लिहितो: देवळाच्या उंबरठ्यापासून.

तो उंबरठा काढून तेथे संगमरवरी बसवावा असा पंचांचा विचार आहे. माझी हरकत कचेरीत दाखल झालेली आहे आणि ती मी शेवटपर्यंत चालवणार आहे. सकाळी पुजारी उंबरठा धुतो तेव्हा मी तेथे असतो. पाणी वाहून जाते, दगड लगेच वाळतो. त्या खाचेतले तेवढे थोडा वेळ राहते.